उतारावरची खुर्ची

लबाड माणसाशी माझं चांगलं जमतं. तो एक भाव सांगतो, मी दुसरा सांगतो, दोघंही खोटं बोलतोय हे दोघांना ठाऊक असतं आणि मध्ये कुठेतरी खरा भाव सापडतो. माझं आजवर जे काही नुकसान झालं ते सरळ माणसांनी केलं. त्यातलं सगळ्यात मोठं केलं मेजरने.

तो मेजर नव्हता. फौजेत गाड्या दुरुस्त करणाऱ्या खात्यात हवालदार होता आणि हवालदार म्हणूनच निवृत्त झाला. पण आमच्या हिंगोलीकडे फौजेतून पेन्शन घेऊन आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात. बाकीचे फौजी ते कौतुकाने ऐकून घेतात, मिशीला हात लावतात. हा मात्र दर वेळी थांबून दुरुस्ती करायचा. "मेजर, जरा तो पाना द्या," असं कुणी म्हटलं की पाना हातातच धरून ठेवायचा आणि म्हणायचा, "हवालदार. मेजर म्हंजे साहेब असतो. त्याला पाना म्हाईत नसतो." मग पाना द्यायचा. हे दिवसभर चालायचं. त्याच्या दुरुस्तीने कुणीही सुधारलं नाही आणि तोही कधी कंटाळला नाही. दुरुस्तीच्या बाबतीत त्याचा धीरच वेगळा होता.

माझं गॅरेज आणि सुट्या भागांचं दुकान सेनगाव रस्त्याला आहे. पंक्चरच्या टपरीपासून मी ते उभं केलं. बापाने मला फक्त तापट डोकं दिलं, बाकी सगळं मी घासाघीस करून मिळवलं. सेनगाव, नर्सी, पार इकडे हट्ट्यापर्यंतच्या जीपगाड्या माझ्याकडे येतात. मेजर आला तो अशाच एका जीपमधून. कामाला राहायला आला नव्हता, तक्रार करायला आला होता. नर्सीच्या पुढच्या एका वाडीत त्याचं घर. जीप माझ्या दारात पाणी घालायला थांबली तसा तो मागून उतरला, चाकापाशी उकिडवा बसला आणि तिथूनच ओरडला, "हिचे ब्रेक कुणी केले?"

माझे जुने फिटर रहीमभाई कौतुक होईल या आशेने पुढे आले. "मी केले."

"तुमी हिच्यात बसून नर्सीला जासाल का?"

"मला नर्सीत काय काम हाय?"

"काम हाय का ते न्हाई विचारलं. बसून जासाल का, ते विचारलं."

रहीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मेजरकडे पाहिलं. दारात गिऱ्हाइकं उभी होती. अशा वेळी ओरडणाऱ्या माणसाला एक तर हाकलावं लागतं नाही तर ठेवून घ्यावं लागतं. मी विचारलं, "तुम्हाला एवढं कळतं तर इथे काम कराल का?" आणि पगाराचा एक आकडा सांगितला. तो म्हणाला, "ठीक हाय." मी पुढच्या तीन वाक्यांची तयारी करून ठेवली होती, ती तशीच राहिली. पहिल्या आकड्याला हो म्हणणाऱ्या माणसाचा मला राग येतो. आपण जास्त बोलून बसलो, असं वाटत राहतं. मेजरबद्दल मला ते शेवटपर्यंत वाटत राहिलं.

त्याचं घराणं मेंढरं राखणारं. फौजेत आयुष्य काढून आला तरी गाडीकडे तो मेंढराकडे बघावं तसाच बघायचा. जीप आली की बॉनेट उघडायच्या आधी चाकांभोवती फिरायचा. रहीमभाई म्हणायचे, "इंजन आवाज करून राहिलं आणि तुमी टायर काहून बघता?" हा म्हणायचा, "मेंढरू लंगडलं तर आदी खूर बघत्यात, डोस्कं न्हाई." तेलाचा वास घ्यायचा. रेडिएटरला पालथा हात लावून बघायचा, जसा आजारी कोकराच्या कानाला लावतात. एकदा एका डॉक्टरची नवी गाडी आली होती. मेजरने तिला सगळीकडून हात लावून पाहिलं आणि डॉक्टरला विचारलं, "खाती-पिती बराबर ना?" डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, "हा माणूस गाड्यांचाच आहे ना?"

फौजेच्या वर्कशॉपची एक गोष्ट तो दर आठवड्याला सांगायचा. आम्हाला ती पाठ झाली होती, तरी रहीमभाई मुद्दाम विचारायचे, "मेजर, ती ट्रकची रांग कुठं होती हो?" हा आधी "हवालदार" म्हणून दुरुस्ती करायचा आणि सुरू व्हायचा. डोंगरातल्या कुठल्याशा ठिकाणी त्याचं वर्कशॉप होतं. दुरुस्तीला आलेल्या ट्रकांची रांग फाटकाबाहेर जायची. ज्याचं अख्खं इंजिन उतरवायचं तो ट्रक पुढे उभा, आणि ज्याचा नुसता पट्टा ढिला झालाय तो त्याच्या मागे महिनाभर उभा. नंबर म्हणजे नंबर. "नळावर एक बाई टँकर भरून राहिली आणि मागच्या बाईला एक तांब्या पायजे. पन रांग ती रांग," असं तो म्हणायचा. तिकडे वरच्या चौकीवर माणसं रसदीची वाट बघत आणि इकडे चांगले ट्रक आजाऱ्यांच्या पंगतीत बसलेले.

मग याने आपल्या कप्तान साहेबाला सांगितलं, की मेंढरं सकाळी वाड्यातून सोडताना आम्ही कवाड अर्धंच उघडतो. एका वेळी एकच मेंढरू निघतं. कवाडाशी जाणता माणूस बसतो आणि प्रत्येकाची चाल बघतो. लंगडं दिसलं की तिथेच बाजूला काढतो, काटा असेल तर तिथेच उपटतो आणि लगेच कळपात सोडतो. खरंच आजारी असेल ते तेवढं मागे ठेवतो. तसं आपण ट्रकांचं करू. रोज सकाळी प्रत्येक ट्रक अरुंद जागेतून हळूहळू माझ्यासमोरून जाऊ दे. ज्याचा काटा निघतो त्याचा तिथेच काढू.

"कप्तान साहेब हासला," मेजर सांगायचा. "म्हनला, हवालदार, ये भेडबकरी नहीं है. मी म्हनलं, व्हय साहेब, मेंढराला तरी ओरडता येतंय."

पुढे एका मोठ्या साहेबाच्या कानावर ही गोष्ट गेली. त्याने करून पाहिलं. रांग फाटकाच्या आत आली. मग त्या पद्धतीला इंग्रजीत एक लांबलचक नाव मिळालं, त्या नावाची पाटी लागली, आणि शाबासकी मिळाली ती हसलेल्या कप्तानाला.

"मग पाटीवर तुमचं नाव?" रहीमभाई दर वेळी विचारायचे.

"न्हाई. पन मेंढराचं बी न्हवतं."

आणि खुशाल हसायचा. त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मी असतो तर त्या पाटीखाली उपोषणाला बसलो असतो.

हीच पद्धत त्याने माझ्या दारात सुरू केली. तेलाची दोन रिकामी पिंपं रस्त्याच्या कडेला उभी केली, मध्ये जेमतेम जीप जाईल एवढी जागा ठेवली, आणि सकाळी तिथे डोळे मिटून, नुसता कान देऊन उभा राहू लागला. सेनगावच्या जीपा हिंगोलीतून निघाल्या की याच्या पिंपांमधून चालीने जायच्या. सुरुवातीला ड्रायव्हर चेष्टेने यायचे. हा डोळे मिटलेलेच ठेवून हात वर करायचा. "ही लंगडी. हिला काढा." मग आत बसलेल्या माणसांसकट जीप बाजूला. बाजाराला निघालेल्या बाया करवादायच्या.

"ओ मेजर, उशीर होऊन राहिला ना आमाला."

"हवालदार. व्हऊ द्या उशीर."

"अहो कोथिंबीर सुकून राहिली."

"कोथिंबीर सुकू द्या, तुमी सुकू नका."

पाच-दहा मिनिटांत तो नट आवळायचा, पट्टा ताणायचा आणि थाप मारून जीप सोडायचा. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, असा त्याचाच नियम. काटा काढायचे पैसे कोण घेतं, म्हणायचा. मी कपाळाला हात लावला. पण खरा त्रास पुढे सुरू झाला. दुरुस्त झालेली गाडी परत येईना. पूर्वी एकच जीप एकाच कामासाठी पुन्हा पुन्हा यायची, ड्रायव्हर शिव्या द्यायचा, मी त्याला चहा पाजायचो, असा आमचा घरोबा होता. मेजरने तो मोडला. नवी गिऱ्हाइकं लांबून येऊ लागली हे खरं, पण नवं गिऱ्हाईक पहिल्या दिवशी घासाघीस फार करतं.

आता खुर्ची.

गॅरेजच्या मागे मुरमाचा एक उतार आहे. ब्रेकचं काम झालं की मेजर आधी गाडी सपाटीवर स्वतः चालवून बघायचा. मग उताराच्या तळाशी चुन्याची एक रेघ मारायचा आणि रेघेच्या खाली, चार हातांवर, एक खुर्ची ठेवायचा. लाल प्लॅस्टिकची, माझ्या गल्ल्यामागची. ज्याने ब्रेक केले त्याने त्या खुर्चीत बसायचं. दुसऱ्याने गाडी उतारावरून आणायची आणि रेघेवर थांबवायची. ही त्याने फौजेतच काढलेली रीत. तिथे वरून बंदी आली होती म्हणे. "बंदी आली तवर ब्रेक सुधारले व्हते," असं तो सांगायचा.

पहिल्यांदा रहीमभाईंना बसायला सांगितलं तेव्हा ते पाढे म्हटल्यासारखे नातवांची नावं घेऊ लागले. "मेजर, लेकरंबाळं हायेत मला."

"त्या जीपमंदी बी लेकरंच बसत्यात, रहीमभाई. शाळंची."

"मी हुबा राहतो ना रेघेपाशी."

"हुब्या मानसाला पळता येतंय. म्हनून तर खुर्ची."

रहीमभाई उठले, जीपखाली गेले आणि केलेलं काम पुन्हा एकदा सगळं उघडून, तपासून, आवळून आले. मग बसले. जीप रेघेवर थांबली. तेव्हापासून आमच्याकडे ब्रेकचं काम दोनदा होऊ लागलं, एकदा गाडीसाठी आणि एकदा खुर्चीसाठी. मजुरी मात्र एकदाचीच.

हिंगोलीजवळ जवानांचा एक तळ आहे. कुठला, कुणाचा ते सांगत नाही, मला अजून तिथे काम करायचंय. तिथल्या ट्रकांना त्यांचं स्वतःचं वर्कशॉप होतं, पण माणसं अपुरी. ट्रक रांगेत पडून राहायचे. तेव्हा ठरलं, की काही काम बाहेरच्या गॅरेजला वर्षभरासाठी द्यायचं. ही बातमी कळली त्या दिवसापासून मी नीट जेवलो नाही. जीपवाल्यांच्या मागे धावून धावून माझं अर्धं आयुष्य गेलं होतं. फौजी गाड्यांचं काम म्हणजे दारावर पाटी, आणि पाटी म्हणजे नांदेडच्या ज्या व्यापाऱ्यांनी मला टपरीवाला म्हणून दारात उभं ठेवलं ते आता खुर्ची देणार. मला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की मेजरलासुद्धा मी त्या दिवसांत हवालदार म्हणू लागलो.

तळाने नमुना म्हणून एक ट्रक पाठवला. ब्रेकचं पूर्ण काम. ते बघून साहेब ठरवणार होते. ब्रेकचं लायनिंग आणायला मी स्वतः नांदेडला गेलो. तिथला एक दुकानदार धंदा बंद करून पोराकडे जाणार होता, त्याच्याकडे चांगल्या कंपनीचा माल पडून होता. दुपारपासून संध्याकाळपर्यंत मी त्याच्या गादीवर ठाण मांडलं. तीनदा उठून दारापर्यंत गेलो, तीनदा त्याने हाक मारली. शेवटी ज्या भावात माल आणला तो आठवला की आजही बरं वाटतं. मेजरने लायनिंग हातात घेतलं, वास घेतला, कडेला नख लावून पाहिलं आणि काही न बोलता रहीमभाईंकडे दिलं. त्याचं न बोलणं मला तेव्हा खटकलं होतं. विचारायला हवं होतं, पण त्याला काही विचारलं की गोष्ट सुरू व्हायची.

साहेब आले. सोबत जीप, दोन जवान आणि हातात कागदांची जाड गड्डी. साहेब हिंदीवाले, तरुण, कंटाळलेले. त्यांनी बाकीच्या गॅरेजांचेही नमुने बघितले होते. मी चहा, पोहे, पेढे अशी तयारी ठेवली होती. उतारावर ट्रक उभा. तळाशी रेघ, रेघेखाली माझी लाल खुर्ची.

"कुर्सी किसके लिए?" साहेबांनी विचारलं.

मेजरने कडक सलाम ठोकून रीत समजावून सांगितली. साहेबांचा कंटाळा जरासा उतरला. जवान एकमेकांकडे बघून हसले. रहीमभाई सवयीने खुर्चीकडे निघाले, तर मेजरने त्यांना हाताने अडवलं.

"रहीमभाईनं नुसतं बसवलंय. माल मालकानं आनलाय. भाव पाडून आनलाय. ज्यानं भाव पाडला तो बसंल."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी पाहिलं, जवानांनी पाहिलं, तमाशा बघायला रस्त्यावरून आत आलेल्या जीपवाल्यांनी पाहिलं. माझ्या डोक्यात ते जे काही चढतं ते चढलं. माझ्याच दारात, माझ्याच पगारावरचा माणूस, मी आणलेल्या मालावर चारचौघांत संशय घेतो म्हणजे काय? मी म्हणालो, "मेजर, मी मालक आहे. चाकाखाली ठेवायचं लिंबू न्हाई."

जीपवाले फिदीफिदी हसले. मेजर हसला नाही. तो म्हणाला, "बसा मालक. ऐका माझं."

"न्हाई बसत."

त्याने टोपी काढून खिशात घातली आणि स्वतः खुर्चीत जाऊन बसला. मांडीवर मांडी टाकून, न्हाव्याकडे दाढीला नंबर लागल्यासारखा. रहीमभाईंनी ट्रक सोडला. तो लोंढ्यासारखा खाली आला आणि रेघेवर असा थांबला, की मेजरच्या पायजम्यावर फक्त धूळ आली. मी छाती पुढे काढली. माल माझा होता. मी म्हणालो, "देखा साब?"

साहेब म्हणाले, "ब्रेक बढ़िया है." मग कागद चाळत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "लेकिन मालिक को मालूम नहीं है."

पेढ्यांना त्यांनी हातही लावला नाही. काम दुसऱ्या गावच्या गॅरेजला गेलं. त्या गॅरेजवाल्याचा माल कसा असतो ते मला ठाऊक आहे, आणि त्याच्याकडे उतार तर नाहीच.

मेजरला मी त्याच संध्याकाळी जा म्हणालो. अजून बरंच म्हणालो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने हात धुतले, एप्रन घडी घालून ठेवला, खुर्ची पुसून गल्ल्यामागे आणून ठेवली आणि नर्सीकडे जाणाऱ्या जीपमध्ये चढला. चढण्याआधी तिच्या टायरांकडे बघून घेतलं.

काही दिवस मी धुमसत होतो. मनात भांडून भांडण पुरं होत नाही, समोर माणूस लागतो. म्हणून एका रविवारी गाडी काढून त्याच्या वाडीला गेलो. तो मेंढरांच्या वाड्यापाशी बाजेवर बसून कोकराच्या पायाला हळद लावत होता. त्याची बायको मला बघून म्हणाली, "भांडायला आलेत ना? आदी चहा घ्या दादा, मंग भांडा. उपाशी भांडू नये."

चहा घेतला. मग म्हणालो, "मेजर, तुम्ही माझं वर्षाचं काम घालवलं."

"हवालदार."

"तुम्हाला माझ्या मालाचा भरवसा नव्हता तर आधी सांगायचं. चारचौघांत नाक कापायची काय गरज होती?"

त्याने कोकरू खाली सोडलं. ते कसं चालतंय ते आधी पाहिलं, मग बोलला. "माल एक नंबर व्हता. आदल्या दिवशी तुमी दुपारी जेवायला गेलते ना, तवा मीच बसलो व्हतो खुर्चीत. रहीमभाईनं ट्रक आनला. रेघेवर हुबा."

मी कप खाली ठेवला. "तुम्हाला ठाऊक होतं? मग मला कशाला बसा म्हणालात?"

"तो साहेब कागद बघून बघून इटला व्हता. समदे गॅरेजवाले त्याला कागदच दावून राहिले व्हते. मालक खुर्चीत बसलेला त्यानं जलमात बघितला नसंल. तुमी बसले असते तर काम तुमचंच व्हतं."

"मग हे कानात सांगायचं की नाही, माणसा?"

"कानात सांगितलं असतं तर तुमी बसलेच असते," तो म्हणाला. "मंग मी बसलो काय आन् तुमी बसले काय. ब्रेकचं म्हाईत असून कुनी बी बसतंय."

"मी भ्यालो म्हणून बसलो नाही, असं समजू नका. मान राखायचा म्हणून बसलो नाही."

"मंग राखला ना मान?"

"राखला."

"मंग भांडता काहून?"

त्याची बायको आतून म्हणाली, "अजून चहा टाकू का, का संपलं भांडण?" मी उठलो. सौदा असा अर्धा टाकून मी आजवर कुठल्याही दुकानातून उठलेलो नाही. तो गाडीपर्यंत सोडायला आला, मागच्या चाकाला बुटाने ठोकर मारून म्हणाला, "हे जरा बघून घ्या," आणि मेंढरांकडे वळला. सेनगाव रस्त्याला लागेपर्यंत ते चाक पंक्चर झालं होतं. त्याचाही मला राग आला.

दुसऱ्या गावच्या गॅरेजने तळाच्या ट्रकांचं काय केलं ते मी सांगणार नाही. एवढंच, की पुढच्या खेपेला काम पुन्हा बाहेर आलं आणि पुन्हा नमुन्याचा ट्रक माझ्या दारात उभा राहिला. साहेब नवे होते. खुर्चीबद्दल त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यांनी कसली अटही घातली नव्हती. मी नांदेडला जाऊन माल आणला, या वेळी दुसऱ्या दुकानातून. रहीमभाईंनी काम केलं. त्या दिवशी साहेब यायच्या आधी मी स्वतः चुन्याची रेघ मारली. गल्ल्यामागून खुर्ची नेली. रहीमभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मालक, मी बसू का?"

"तुम्ही ट्रक आणा."

"काल ट्रायल करून बघू म्हनलो होतो, तर तुमी नगं म्हनले."

"नकोच."

खुर्चीवरून ट्रक फार मोठा दिसतो. दुकानातून दिसतो तो ट्रक वेगळा आणि हा वेगळा. वर रहीमभाईंनी गिअर टाकल्याचा आवाज आला आणि मला नांदेडचा तो नवा दुकानदार आठवला. मी पहिला भाव सांगितला तेव्हा त्याने मान हलवली होती. दुसऱ्याला गल्ल्याकडे बघितलं होतं. आणि तिसऱ्याला? तिसऱ्याला तो चटकन हो म्हणाला होता. मी दारापर्यंतसुद्धा गेलो नव्हतो. एवढ्या लवकर का मानला तो? ट्रक सुटला होता. मुरूम उडत होता. पाय जमिनीला टेकवून मी उठायच्या बेतात आलो आणि कळलं, की खुर्ची मुरमात रुतली आहे. मेजरचं एक एक म्हणणं बिनचूक होतं. बसलेल्याला पळता येत नाही.

ट्रक रेघेवर थांबला. बंपर माझ्या गुडघ्यांकडे बघत होता. रहीमभाई वरून म्हणाले, "या अल्ला," आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

मी वळून साहेबांकडे पाहिलं. साहेब पाठमोरे उभे राहून फोनवर बोलत होते. बोलणं संपवून वळले, ट्रक बघितला, मला बघितलं.

"सॉरी, घर से फोन था. एक बार और दिखाएँगे?"

मी खुर्चीतून अजून उठलोही नव्हतो. पण सौद्यात समोरच्याने दुसऱ्यांदा मागितलं, की काय करायचं असतं ते मला टपरीवर असल्यापासून ठाऊक आहे.

"साब," मी बसल्या जागेवरून म्हणालो, "एक बार बैठा वो ब्रेक के वास्ते. दूसरी बार बैठना हुआ तो रेट अलग लगेगा."

साहेब खुर्चीकडे, रेघेकडे, मग बंपरकडे बघत राहिले. काय झालं ते त्यांना हळूहळू कळत गेलं. त्यांनी फोन खिशात टाकला आणि कागदांची गड्डी जवानाकडे देऊन विचारलं, "चाय मिलेगी?"

वर्षभराचं काम मिळालं. दारावर पाटी आहे, येता-जाता दिसते. मेजरला मी यातलं काही कळवलेलं नाही. रहीमभाईंना तंबी दिली आहे. हे छापून आलं तरी हरकत नाही, छापलेल्यापैकी तो फक्त गाडीसोबत मिळणारं पुस्तक वाचतो. तरीही कुणी वाडीला जाऊन त्याच्या कानात घातलंच, तर मी साफ नाकबूल जाईन. त्याने माझं एक वर्ष बुडवलं, त्यावर माझा राग आहे आणि तो मी कुठल्याही भावात सोडणार नाही.